पाहुण्या पक्ष्यांचा वऱ्हाडी किनारा

कोजागरी सरते, पहाटेच्या हवेत गारवा येतो आणि पावसाळी पर्यटकांची गर्दी ओसरून चिखलदरा काही दिवसांपुरता शांत होतो. दिवाळीच्या सुट्यांचा लोंढा अद्याप यायचा असतो. नेमक्या याच दिवसांत समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवरच्या या पठारावर वेगळेच पाहुणे उतरू लागतात. कुणी हिमालयाच्या उतारावरून आलेला असतो, कुणी मध्य आशियातून, तर कुणी थेट रशियाच्या उत्तर टोकावरून. शरद ऋतूतील पक्ष्यांचे स्थलांतर म्हटले, की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंबई-ठाण्याची खाडी आणि तिथले रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे येतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या अमरावती-अकोल्याचा या प्रवासाशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच पडतो. चिखलदऱ्याचे पठार आणि त्याच्या पायथ्याचे तलाव यांच्यामध्ये एक दिवस घालवला, की या प्रश्नाचे उत्तर मिळते. त्या उत्तरासोबत एक काळजीही समोर येते.

भीमकुंडाजवळची सकाळ

सूर्योदयाच्या वेळी भीमकुंड किंवा देवी पॉइंटच्या परिसरात उभे राहिले, तर प्रथम ऐकू येतात ते येथलेच रहिवासी पक्षी. पाहुणे ओळखायला थोडा धीर धरावा लागतो. ओढ्याच्या दगडावर शेपटी सतत वरखाली हलवत बसलेला सडपातळ पक्षी म्हणजे करडा धोबी. नाव करडा असले, तरी शेपटीखालचा पिवळा रंग लगेच नजरेत भरतो. हिमालयात आणि उत्तर आशियात वीण आटोपून हा पक्षी पावसाळा पुरता संपण्यापूर्वीच दक्षिणेकडे निघतो. डोंगरातील वाहते पाणी ही त्याची आवडती जागा असल्याने सातपुड्याच्या या ओढ्यांवर हिवाळी पाहुण्यांमध्ये त्याचा क्रमांक बराच वरचा असतो.

झाडांच्या शेंड्यांवर पानांआडून हालचाल करणारे इवलेसे पक्षी म्हणजे पर्ण वटवट्ये. त्यांचे वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढे. रंग पानांसारखाच हिरवट असल्यामुळे अनुभवी निरीक्षकही त्यांना डोळ्यांपेक्षा आवाजावरून अधिक ओळखतात. जुन्या बंगल्यांच्या कुंपणावर शेपटी थरथरवत बसणारा काळा-तांबूस थिरथिरा, मोकळ्या गवतात काडीच्या टोकावर बसणारा गप्पीदास आणि फांदीवरून झेप घेऊन हवेतच किडा टिपणारे माशीमार ही या सकाळची आणखी काही पाने. मेळघाटचे जंगल १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प म्हणून राखले गेले. त्याची ओळख वाघाची असली, तरी हिवाळ्यात ते हजारो किलोमीटरवरून येणाऱ्या मूठभर वजनाच्या जिवांचेही घर होते.

मेळघाटची पक्षिजगतातील कीर्ती मात्र कायम येथेच राहणाऱ्या एका पक्ष्यामुळे आहे. तो म्हणजे रानपिंगळा. १८८४ नंतर त्याची विश्वासार्ह नोंद नव्हती आणि तो नामशेष झाला असावा, असे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि त्यानंतरच्या पाहण्यांत मेळघाटातही आढळला. शंभरहून अधिक वर्षे एखादा पक्षी आपल्याच जंगलात राहतो आणि नोंदीअभावी जगाच्या लेखी नसतो. हा धडा स्थलांतरित पक्ष्यांनाही तेवढाच लागू पडतो.

रात्रीचा प्रवास, दिवसाची भूक

नाण्याएवढ्या वजनाचा पक्षी एवढ्या दूर येतो कसा? या प्रवासाची सुरुवात थंडीने होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात थंडी पडण्याच्या कितीतरी आधी, दिवस लहान होऊ लागताच पक्ष्याच्या शरीरातील संप्रेरके बदलतात. भूक वाढते आणि त्वचेखाली चरबी साठू लागते. ही चरबी म्हणजे प्रवासाचे इंधन. वटवट्ये, माशीमार यांसारखे बहुतेक लहान पक्षी रात्री उडतात. रात्री हवा थंड व स्थिर असते, अंग तापत नाही, शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. म्हणूनच काल रिकामे असलेले झाड आज सकाळी अचानक पाहुण्यांनी भरलेले दिसते.

दिशा ओळखण्यासाठी सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या तिन्हींचा उपयोग पक्षी करतात, हे प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. त्याहून थक्क करणारी बाब पिलांची. पाणथळीत वावरणाऱ्या तुतवारांच्या अनेक जातींत प्रौढ पक्षी आधी निघतात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिले काही आठवड्यांनी स्वतंत्रपणे, वाट न दाखवता त्याच दिशेने येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये उपग्रह-यंत्र बसवलेल्या पट्टशेपटी पाणटिवळ्याच्या अवघ्या पाच महिन्यांच्या पिलाने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत, वाटेत कुठेही न उतरता पार केले. एवढ्या लांबीच्या अखंड उड्डाणाची नोंद तोपर्यंत कोणत्याही पक्ष्याच्या नावावर नव्हती.

या ऋतूतील वाहतूक एकाच दिशेची नसते. पावसाच्या आगमनाची वर्दी देणारा चातक जूनच्या सुमारास आफ्रिकेतून उत्तर व मध्य भारतात येतो आणि पावसाळा सरताच परततो. म्हणजे उत्तरेचे पाहुणे दाराशी येत असताना पश्चिमेचा पाहुणा निरोप घेत असतो. शरद ऋतू हा या घराचा येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही हंगाम आहे.

कड्यावरची दुपार

सकाळी दहानंतर ऊन तापू लागते, झाडांवरची किलबिल मंदावते आणि नजर आकाशाकडे वळते. गाविलगडच्या डोंगररांगा दक्षिणेला पूर्णेच्या मैदानाकडे एकदम तुटतात. पायथ्याचे अचलपूर सुमारे ३७० मीटर उंचीवर आहे. चिखलदरा आणि मैदान यांच्यातील हा सुमारे साडेसातशे मीटरचा फरक शिकारी पक्ष्यांच्या कामी येतो. तापलेल्या मैदानावरून गरम हवेचे झोत वर उठतात आणि कड्यावर आदळणारा वाराही वर वळतो. गरुड, घारी, भोवत्ये असे रुंद पंखांचे पक्षी या उठत्या हवेत पंख न हलवता गोल घिरट्या घेत उंची मिळवतात आणि मग पुढच्या झोतापर्यंत तरंगत जातात. त्यामुळे त्यांचा प्रवास दिवसा आणि बहुधा दुपारच्या सुमारास होतो. गाविलगड किल्ल्याच्या तटावर दुपारी तासभर दुर्बीण घेऊन बसणाऱ्याला म्हणूनच जंगलाच्या आत फिरणाऱ्यापेक्षा वेगळे पक्षी दिसतात. एका जागी पंख फडफडवत हवेत स्थिर राहणारी लहानगी खरुची येथे सहज ओळखता येते.

नोव्हेंबरमध्ये मध्य भारताच्या आकाशातून आमूर ससाण्यांचे थवेही जातात. पूर्व सायबेरिया आणि उत्तर चीनमधून निघालेले हे कबुतराएवढे ससाणे ईशान्य भारतात थांबतात आणि नंतर द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेला पोहोचतात. २०१२ मध्ये नागालँडमधील दोयांग जलाशयाच्या परिसरात त्यांची जाळ्यांनी प्रचंड प्रमाणात शिकार होत असल्याचे उघड झाले. ग्रामसभा, चर्च, स्वयंसेवी संस्था आणि वनविभाग यांनी एकत्र येऊन पुढल्याच वर्षी ही शिकार थांबवली. २०१३ मध्ये तीन ससाण्यांना उपग्रह-यंत्रे बसवण्यात आली आणि त्यांना ‘नागा’, ‘वोखा’ व ‘पांगती’ अशी नावे देण्यात आली. त्यांच्या मार्गामुळे भारताच्या पूर्व टोकावरील एका जलाशयाचे नाते महाराष्ट्राच्या आकाशाशी आणि आफ्रिकेच्या कुरणांशी नकाशावर जोडले गेले. दोयांग हा निसर्गनिर्मित तलाव नसून वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणाचा फुगवटा आहे, ही गोष्ट येथे मुद्दाम लक्षात ठेवायला हवी.

पायथ्याचा किनारा

दुपारनंतर घाट उतरून परतवाड्याच्या दिशेने आले, की दिवसाचा दुसरा अंक सुरू होतो. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले, ती कीचकदरा आणि तिचेच पुढे चिखलदरा झाले, अशी लोककथा सांगितली जाते. नावात चिखल असला, तरी पाहुण्यांना हवा असलेला चिखल डोंगरावर फारसा नाही. तो पायथ्याशी आहे. गाविलगडच्या डोंगरातून उतरणाऱ्या सापन, चंद्रभागा, शहानूर या नद्यांवर धरणे झाली. पूर्वेला मोर्शीजवळ वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा प्रकल्पाचा विस्तीर्ण जलाशय पसरला. अमरावती शहराच्या कुशीत वडाळी व छत्री तलाव आहेत, तर अकोल्याकडे कापशीचा तलाव आणि महानजवळचा काटेपूर्णा जलाशय. यांच्या जोडीला गावोगावचे पाझर तलाव आहेत. खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे असताना हे उघडे गोडे पाणीच माणसांना, गुरांना आणि पक्ष्यांना आधार देते. वऱ्हाडाला समुद्र नाही, पण या सर्व पाण्यांच्या काठांची लांबी एकत्र केली, तर एक चांगला मोठा किनारा तयार होतो.

समुद्रकिनारी भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा चिखल उघडा पडतो. वऱ्हाडात हीच ओहोटी वर्षातून एकदा येते आणि ती पाच-सहा महिने चालते. ऑक्टोबरात धरणे भरलेली असतात. काठ गवतात बुडालेला असतो आणि मोठ्या जलाशयावर पक्षी कमी दिसतात. त्या वेळी पाझर तलावांचे उथळ काठ आणि शेताकडेची डबकी अधिक गजबजलेली असतात. रब्बीसाठी कालव्यांना पाणी सुटले, की धरणाची पातळी उतरू लागते आणि ओल्या गाळाचा नवा पट्टा दर आठवड्याला उघडा पडतो. या गाळात अळ्या, कृमी, गोगलगायी असतात. पाझर तलाव आटू लागताच पक्षी मोठ्या जलाशयांकडे सरकतात. थोडक्यात, पाहुण्यांचा हिवाळा एका तलावावर जात नाही. लहानमोठ्या पाण्यांच्या साखळीवर तो निभतो आणि साखळीतील एक कडी निखळली, तर पुढच्या कडीवर भार पडतो.

या काठावर जागांची वाटणीही ठरलेली असते. चिमणीएवढा टिलवा ओल्या गाळाच्या पृष्ठभागावरचे किडे भराभर टिपतो. तुतवार पाण्याच्या रेषेवर फिरतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या पाण्यात शिरून चरतो, तर काळ्या शेपटीचा पाणटिवळा लांब चोच गाळात खोलवर खुपसतो. थापट्या बदक रुंद चोचीने पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खाते. तलवार बदक शेपटी वर करून मान पाण्यात बुडवते आणि मान पोहोचेल तेवढ्याच खोलीवरचे खाद्य मिळवते. केशरी रंगाचे चक्रवाक बहुधा जोडीने काठावर बसलेले आढळतात. हिमालय ओलांडताना ७,२९० मीटर उंचीपर्यंत उडाल्याची नोंद ज्याच्या नावावर आहे, तो पट्टकादंबही विदर्भातील काही जलाशयांवर हिवाळ्यात उतरतो. या सर्वांना एकाच वेळी सामावून घ्यायचे, तर काठाचा उतार मंद हवा. वीतभर पाणी, गुडघाभर पाणी आणि ओला गाळ हे तिन्ही शेजारी-शेजारी हवेत. उभ्या भिंतीच्या तलावात पाणी कितीही असले, तरी टिलव्यासाठी तेथे काहीच नसते.

कायद्यात न बसणारा चिखल

येथेच काळजीचा मुद्दा येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार या पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये स्वतंत्र नियमही केले. मात्र त्या नियमांतील पाणथळीच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलसाठे, तसेच सिंचन, मत्स्यपालन, मिठागरे व मनोरंजन यांसाठी उभारलेल्या रचना वगळण्यात आल्या आहेत. वऱ्हाडातील बहुतेक तलाव सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठीच बांधलेले आहेत. काटेपूर्णासारखा जलाशय १९८८ पासून अभयारण्याच्या कवचाखाली आहे, पण तो अपवाद. बाकी ठिकाणी पक्ष्याला संरक्षण आहे आणि तो ज्या चिखलावर जगतो, त्याला नाही.

या वगळण्यामागे कारण आहे आणि ते समजून घ्यायला हवे. धरण शेतकऱ्याच्या पैशाने, त्याच्याच पाण्यासाठी उभे राहते. अवर्षणाने पोळलेल्या प्रदेशात त्या पाण्यावरचा त्याचा पहिला हक्क कोणी नाकारू शकत नाही. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करून चारा किंवा भाजीपाला घेणारे कुटुंब गरजेपोटी ते करते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे तलावांची साठवण वाढते आणि शेताला सुपीक माती मिळते. यातील कोणतीही गोष्ट मुळात पक्ष्यांच्या विरोधात नाही. अडचण होते ती काठाचा विचारच झाला नाही, तर. गाळ काढताना काठ उभा कापला गेला, सौंदर्यीकरणाच्या नावाखाली तलावाभोवती दगडी भिंत आणि रोषणाई आली किंवा काठाची प्रत्येक फूट नांगराखाली गेली, तर पाण्याचा थेंबही कमी न होता किनारा नाहीसा होतो.

मानवनिर्मित जलाशयाला मान मिळूच शकत नाही, असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमावरील विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले पाणी. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षी शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरालाही तो दर्जा मिळाला. लोणार उल्कापाताने घडलेले, तर नांदूर मध्यमेश्वर माणसाने घडवलेले. पक्ष्यांनी दोहोंत भेद केला नाही.

आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या ज्या हवाई मार्गावर वऱ्हाड येते, त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तीस देश या मार्गात येतात आणि भारत हा त्याचा मोठा हिवाळी मुक्काम आहे. देशाने २०१८ मध्ये या मार्गासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये स्थलांतरित प्रजातींविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद गांधीनगरला भरली. एवढ्या मोठ्या आराखड्याची अंमलबजावणी शेवटी एखाद्या गावतलावाच्या शे-दोनशे मीटर काठावरच व्हायची असते. एका उथळ कोपऱ्यात फेब्रुवारीअखेरपर्यंत गाळपेर व जाळी न लावणे, गाळ काढताना एक बाजू मंद उताराची ठेवणे, शहरातील तलावाचा निदान एक काठ भिंत व दिव्यांविना सोडणे, यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. लागतो तो पाटबंधारे विभाग, ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था आणि पक्षिनिरीक्षक यांच्यातील संवाद.

नोंदवहीचे मोल

हा संवाद सुरू करायचा, तर हातात नोंदी हव्यात. ‘येथे खूप पक्षी येतात’ या वाक्याला कोणत्याही कार्यालयात वजन नसते. अमुक तारखेला, अमुक तलावावर, अमुक वेळेत कोणत्या जातीचे किती पक्षी मोजले, याला असते. दरवर्षी जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून अशाच नोंदींवर उभी आहे. रामसर स्थळे ठरवण्याच्या निकषांतही पाणपक्ष्यांच्या संख्येला स्थान आहे. पक्षी दिसला नाही, ही नोंदही तितकीच मोलाची असते, कारण घट लक्षात येते ती त्यावरूनच.

थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांची जयंती १२ नोव्हेंबरला, तर मराठीत पक्ष्यांचे शब्दवैभव उभे करणारे अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांची ५ नोव्हेंबरला. या दोन तारखांमधील आठवडा राज्यात २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. चितमपल्ली यांचे जून २०२५ मध्ये निधन झाले. त्यांनी जंगलात ऐकलेले स्थानिक शब्द टिपून ठेवले, म्हणून आज अनेक पक्ष्यांना मराठीत हाक मारता येते. नाव असले की ओळख होते आणि ओळख झाली की मोजणी शक्य होते.

चिखलदऱ्याला जाणाऱ्या हौशी निरीक्षकांनी काही पथ्ये पाळली, तरी पुरे. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीनेच जावे. छायाचित्रासाठी बसलेला थवा उडवू नये, कारण लांबच्या प्रवासानंतर उतरलेल्या पक्ष्याला प्रत्येक विनाकारण उड्डाण साठवलेल्या चरबीतून मोजावे लागते. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नये. कपडे मातकट रंगाचे असावेत, दुर्बीण साधी असली तरी चालते. वही आणि पेन मात्र विसरू नये.

सायंकाळी सूर्य कलतो, तसे धरणावरचे पाणी तांबूस होते. दिवसभर मध्यभागी विसावलेली बदके एकेका तुकडीने उठून काठाकडे आणि शेतांकडे चरायला निघतात. काठावर गुरे परतत असतात, कुणी मोटर बंद करत असतो, कुणी जाळे आवरत असतो. पाण्याच्या रेषेवर एक टिलवा अजूनही घाईघाईने गाळ टिपत असतो. त्याचे वजन जेमतेम पंचवीस ग्रॅम आणि घर आर्क्टिकच्या किनाऱ्यावर. एप्रिल-मेमध्ये तेथे परतण्याएवढी चरबी त्याला वऱ्हाडच्या चिखलातूनच गोळा करायची असते. तोपर्यंत हा काठ त्याच्यासाठी राहतो की नाही, हे मात्र काठावरच्या माणसांनी ठरवायचे आहे.